सिसप्लॅटिन रक्तात कुणाला चिकटलंय ते कसं शोधायचं

सिसप्लॅटिन म्हणजे प्लॅटिनमला क्लोराइड जोडलेलं कॅन्सरचं औषध. अशा मेटलच्या कॅन्सर औषधांवर काम सुरू केलं की सगळे आधी विचारतात कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करणारी नळी) कुठला घेऊ, पण घोळ त्याच्या आधीच झालेला असतो, स्टॉक म्हणजे औषधाचं मूळ द्रावण बनवताना. सवयीने डीएमएसओ (लॅबमधलं नेहमीचं सॉल्व्हंट) ओतला की संपलं, त्यातलं सल्फर क्लोराइडला हाकलून प्लॅटिनमला चिकटतं आणि मग तुम्ही भलत्याच कंपाउंडचे पीक (ग्राफवरचे उंचवटे) मोजत बसता (मी बसलोय). ०.९ टक्के सलाइनमध्ये ताजं बनवा आणि उजेडापासून लांब ठेवा. सलाइनच का, तर रक्तात क्लोराइड साधारण १०० मिलिमोलर असतं म्हणून औषध बऱ्यापैकी टिकतं, पेशीत ते खूप कमी, तिथे पाणी क्लोराइडची जागा घेतं (हेच अॅक्वा रूप).

आता सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव. आधी ३० किलोडाल्टनच्या (त्याहून जड रेणू अडवणाऱ्या) फिल्टरमधून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रोटीन ६६ चं असल्याने वर राहतं आणि मोकळं प्लॅटिनम खाली येतं. हे लगेच करा बरं का, चहा पिऊन येऊन नाही, कारण ट्यूबमध्येही बाइंडिंग चालूच असतं.

प्रोटीनला चिकटलेलं प्लॅटिनम बघायला साइज एक्सक्लूजन कॉलम (रेणू आकाराप्रमाणे वेगळे करणारा), त्याला आयसीपी-एमएस (धातूचे अणू वजनावरून मोजणारं मशीन) जोडलेलं. प्लॅटिनमचे १९४ आणि १९५ दोन्ही मास लावा, दोघांचं प्रमाण जवळपास सारखं असतं, एकच वर उचलला तर त्याच वजनाला येणाऱ्या हाफ्नियम ऑक्साइडचा संशय घ्या. फिल्टरमधून खाली आलेल्या भागासाठी हिलिक (पाण्यात रमणारे रेणू धरून ठेवणारा कॉलम), कारण साध्या सी-१८ कॉलमवर सिसप्लॅटिन थांबतच नाही. फक्त हिलिकमध्ये अॅसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट भरपूर, त्यातल्या कार्बनमुळे कोनवर (मशीनच्या तोंडाशी असलेला धातूचा शंकू) काजळी धरते, म्हणून ऑक्सिजन सोडायचा, आणि ऑक्सिजन म्हटलं की प्लॅटिनमचे कोन लावतात. मोजतोय काय तर प्लॅटिनम! त्यामुळे आधी ब्लँक (औषध नसलेलं सॅम्पल) चालवून बॅकग्राउंड बघा.

जेलवर प्रोटीन वेगळे करणार असाल तर डीटीटी (प्रोटीनचे सल्फर-बंध तोडायला टाकतात ते) टाकू नका, त्यातले थायॉल म्हणजे सल्फरवाले गट प्लॅटिनम ओढून घेतात.

आणि रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यापैकी किती प्लॅटिनम बाहेर आलं ते, काढल्याशिवाय कुणाला ग्राफ दाखवू नका. तेच सॅम्पल एकदा कॉलममधून, एकदा कॉलम काढून सोडा आणि दोन्हीचं एकूण प्लॅटिनम ताडून बघा. कमी भरलं तर बहुतेक पॉझिटिव्ह चार्जवालं अॅक्वा रूप कॉलममधल्या सिलिकाला चिकटून बसलेलं असतं. पुढच्या ब्लँकमध्ये १९५ वर टेकडी दिसली तर समजायचं, कालचं सॅम्पल आज बाहेर येतंय.