आजोबांचे बत्तीसचे रिव्हॉल्व्हर: तपासणी, जपणूक आणि सराव

खानदेशात जुनी रिव्हॉल्व्हरे बहुधा कपाटातून निघतात, दुकानातून नव्हे. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा, चोपड्याची कापसाची शेती, धुळ्या-शिरपूरकडचे जुने वाडे, अशा घरांत आजोबांनी किंवा पणजोबांनी परवान्यावर घेतलेले एखादे हत्यार असते आणि ते नातवाच्या हाती येईपर्यंत त्याच्याविषयी माहिती देणारे कोणीही उरलेले नसते. आमच्या घरी असेच एक, वेब्ली या इंग्लिश कंपनीचे मार्क ४, बत्तीस बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचे माप), सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हर आहे. वडिलांचे वय सत्तर पूर्ण झाल्यावर ते माझ्या नावावर झाले. त्यानंतरच्या वर्षांत ते तपासणे, जपणे आणि त्यावर नेमबाजीचा सराव करणे याविषयी जे शिकलो, त्यातले इतरांच्या उपयोगी पडेल तेवढे येथे मांडत आहे.

सुरुवात कागदांपासून करावी लागते, कारण या छंदात चुकीची जी किंमत मोजावी लागते तिची सुरुवात बहुतेक वेळा कागदावरच होते. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. वारसाच्या नावे परवाना मिळण्याची तरतूद शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे: मूळ परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याच्या वयाची सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर, किंवा त्याने ते शस्त्र पंचवीस वर्षे बाळगलेले असल्यास वारस अर्ज करू शकतो. परवानाधारक वारला आणि शस्त्र तसेच कपाटात राहिले, तर घरातल्या कोणाकडेही ते कायदेशीर उरत नाही. म्हणून तेरावे आटोपण्याची वाट न पाहता ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. ‘हे तर जुनेपुराणे आहे, याला कसला परवाना’ हा समज फार पसरलेला आहे. कायद्यातली सूट फक्त अशा जुन्या हत्यारांना आहे जी दुरुस्त करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाहीत. गंजलेले पण दुरुस्त होऊ शकणारे रिव्हॉल्व्हर त्या सुटीत बसत नाही.

दुसरी गोष्ट बोअरची. .३८० आणि .४५५ ची किनारवाली काडतुसे ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात, त्यामुळे पहिल्या महायुद्धातले .४५५ चे वेब्ली किंवा लष्करी .३८ चे एनफिल्ड कितीही देखणे असले तरी सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. आपल्याकडे छंदासाठी उरते ते मुख्यतः बत्तीस. येथे एक गोम आहे आणि ती नीट समजून घ्यावी. दुकानात ‘बत्तीस’ म्हणून दोन वेगळी काडतुसे मिळतात: रिव्हॉल्व्हरचे ७.६५ × २३ मिलिमीटरचे, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, आणि पिस्तुलाचे ७.६५ × १७ मिलिमीटरचे, म्हणजे .३२ एसीपी. पिस्तुलाचे आखूड काडतूस काही रिव्हॉल्व्हरांच्या चक्रीत, म्हणजे काडतुसे भरायच्या फिरत्या भागात, सरळ जाऊन बसते, आणि बसते म्हणून चालते असे समजणारे लोक मी पाहिलेले आहेत. त्याचा दाब जुन्या चक्रीसाठी जास्त असतो. म्हणून खोक्यावरचे अक्षर आणि काडतुसाच्या बुडावरचा शिक्का, दोन्ही वाचल्याखेरीज एकही काडतूस घेऊ नये.

आता तपासणी. चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग आणि घोडा म्हणजे मागून येऊन आपटणारा भाग. आपल्याकडे बोलताना दोन्हींना घोडाच म्हणतात, म्हणून आधी सांगून ठेवतो. वेब्ली मधोमध मोडून उघडते. डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते आणि चक्रीच्या मध्यातली चांदणी वर उचलली जाऊन काडतुसे आपोआप बाहेर येतात. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून हत्यार उघडावे, सहाही घरे (चक्रीतली काडतुसांची भोके) डोळ्यांनी पाहावीत, मग करंगळीचे टोक प्रत्येक घरात घालून पुन्हा खात्री करावी. काडतुसे त्या खोलीतही ठेवू नयेत. त्यानंतरच पुढचे काही करावे.

घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढावा आणि कान चक्रीकडे द्यावा. घोडा पूर्ण मागे अडकण्याच्या आधी किंवा त्याच क्षणी चक्री आपल्या खाचेत अडकल्याचा ‘टक्’ आवाज आला पाहिजे. घोडा अडकला आणि चक्री अजून बोटाने थोडी पुढे फिरते, असे एकाही घराला झाले तर तिची वेळ चुकलेली आहे. अशा वेळी घर नळीच्या समोर नेमके येत नाही आणि गोळीचा शिशाचा भाग नळीच्या काठाला खरवडून बाजूने उडतो. हे सहाही घरांसाठी वेगवेगळे पाहावे, कारण झीज नेहमी सारखी नसते. माझ्या रिव्हॉल्व्हरात पाच घरे चोख होती आणि चौथे घर आळशी होते. मग घोडा अंगठ्याने धरून, चाप दाबून तो हळूच खाली आणावा, आणि चाप दाबलेलाच ठेवून चक्री दोन बोटांनी डावी-उजवी हलवून पाहावी. किंचित हालचाल चालते, खडखड चालत नाही. चक्री पुढे-मागेही ढकलून पाहावी. घोडा चढवलेला असताना मागून अंगठ्याने बेताने ढकलल्यावर तो खाली सुटता कामा नये; सुटला तर ते हत्यार त्याच दिवशी कारागिराकडे जावे.

चक्री आणि नळी यांच्यातली फट मोजायला वेगळे काही लागत नाही. मोटारसायकलचे टॅपेट जुळवताना गॅरेजवाला जे फिलर गेज (पातळ पट्ट्यांचे मापक) वापरतो, तेच पुरते. साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर फट असली तर ठीक, ०.२५ च्या पुढे जाऊ लागली की विचारावे. मोडून उघडणाऱ्या हत्यारात आणखी एक जागा पाहायची असते: बंद केल्यावर नळी धरून वर-खाली हलवावी आणि बिजागरीत किंवा वरच्या कडीत खेळ लागतो का ते अनुभवावे. तेवढा खेळ असेल तर बाकी सर्व उत्तम असूनही त्यावर बार काढू नये. शेवटी चक्रीच्या बाजूला पांढरा कागद धरून नळीत उजेडाने पाहावे. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चऱ्या दिसाव्यात, खड्डे कमी असावेत, आणि नळीत कोठेही काळी गोल कडी दिसू नये. अशी कडी म्हणजे एखादी गोळी आत अडकली असताना मागून दुसरी मारली गेल्याने नळी फुगल्याची खूण असते.

साफसफाई हा या छंदाचा मोठा भाग आहे आणि तो पूर्णपणे आपल्या हातात आहे. वेब्ली उघडल्यावर नळी मागच्या बाजूने साफ करता येते, म्हणून पितळी दांडी नेहमी मागून घालावी. तोंडाकडून घातलेली दांडी तोंडाची कड झिजवते आणि नेम बिघडतो. ब्राँझचा ब्रश, मग फ्लॅनेलचे तुकडे, कोरडे निघेपर्यंत. चांदणीच्या खालची बाजू विसरू नये. जळायचा राहिलेला दारूचा एखादा कण तिच्याखाली गेला की चांदणी केसभर वर राहते आणि चक्री फिरताना घासते; माणसाला वाटते यंत्र बिघडले, प्रत्यक्षात एका टूथब्रशचे काम असते. चक्रीच्या पुढच्या तोंडावर पडणाऱ्या काळ्या वर्तुळांमागे मात्र लागू नये. ती घासून काढणाऱ्याच्या हातून धातूच झिजतो.

तेलाबाबत आमच्याकडे परंपरागत चूक आहे. आजोबा खोबरेल लावत. वनस्पतीचे तेल काही महिन्यांत चिकट आणि पुढे कडक होते, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, त्यावर काळ्या मातीची धूळ बसून जी पेस्ट तयार होते ती मला आतल्या कप्प्यातून दातकोरणीने काढावी लागली. शिलाई मशीनचे पातळ तेल चांगले. पण एक थेंब लावून पुसून घ्यावे, ओतू नये. रॉकेलने मळ सुटतो, मात्र ते तेलाची जागा घेत नाही. तसेच कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात नळीच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबून ठेवण्याची सवय आहे. तो हवेतला ओलावा धरतो, आणि विसरला गेला तर नळीतला अडथळा होतो. चामड्याच्या म्यानातही हत्यार कायमचे ठेवू नये. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि जेथे ते धातूला टेकते तेथेच गंजाचे ठिपके उठतात. सुती फडक्यात गुंडाळून, कुलूपबंद पेटीत, काडतुसे वेगळ्या कुलपात, ही व्यवस्था साधी आणि पुरेशी आहे.

दुरुस्ती आणि बदल या विषयावर मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण परदेशातले व्हिडिओ पाहून अनेकांचे हात शिवशिवतात. अमेरिकेत लोक घरच्या बाकावर जे करतात ते येथे कायद्याने करता येत नाही. अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी करण्याच्या व्यवसायाला परवाना लागतो, नळी आखूड करण्याला वेगळी बंदी आहे, आणि ओळखीचे क्रमांक खोडणे हा गुन्हाच आहे. तेव्हा वेळ चुकलेली चक्री, झिजलेला पंजा (चक्री फिरवणारा दात), मरगळलेली कमान (स्प्रिंग) ही सर्व कामे परवानाधारक कारागिराची. आपले काम म्हणजे दोष नेमक्या शब्दांत सांगणे. ‘बरोबर चालत नाही’ असे सांगितले तर कारागीर सर्व काही उघडून बसतो. ‘चौथे घर सावकाश चढवल्यावर अडकत नाही, जोरात चढवल्यावर अडकते’ असे सांगितले तर तो थेट त्या खाचेकडे पाहतो. हत्यार देताना परवान्याची प्रत आणि क्रमांकासह पावती घ्यावी, व परत घेताना तोच क्रमांक चौकट, नळी आणि चक्री अशा तिन्ही जागी जेथे जेथे असेल तेथे पडताळावा.

स्वतः करण्याजोगा बदल म्हणजे मुठीच्या फळ्या. सुतार शिसवीच्या फळ्या मूळ फळ्यांवरून बेतून देतो. मूळ फळ्या मात्र जपून ठेवाव्यात. हे करताना मीच एक नुकसान केले. घरातला उतरत्या पात्याचा पेचकस फळीच्या स्क्रूला लावला, तो सटकला, आणि सुमारे सत्तर वर्षे नवी राहिलेली खाच एका क्षणात ओरबाडली गेली. स्क्रूची खाच सरळ भिंतींची असते, म्हणून पेचकसाचे पातेही समांतर बाजूंचे आणि खाचेच्या पूर्ण लांबीचे हवे. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, उजेडात दिसावी म्हणून तिच्या टोकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला तर तो पुसताही येतो. नवीन पॉलिश किंवा निळा रंग चढवण्याचा मोह टाळावा. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात मारलेले मुकुटाखालचे बारीक शिक्के पॉलिशच्या चाकाखाली आधी जातात, आणि त्यांच्यासोबत त्या हत्याराची ओळखही.

सराव मान्यताप्राप्त रेंजवरच करावा. शेतात बांधावर बार काढणे आणि हळदीच्या रात्री हवेत बार काढणे या दोन्ही गोष्टी आपल्या भागात मर्दानगीच्या मानल्या गेल्या. आता जल्लोषातल्या बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. रेंजवर कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा हवाच. पहिल्या दिवशी दहा मीटरवरून, एका वेळी एकच काडतूस भरून सुरुवात करावी, म्हणजे जुने यंत्र कसे वागते ते कळते. दुसऱ्या हाताचा अंगठा चक्रीच्या पुढे जाऊ देऊ नये. फटीतून निघणारा झोत कातडी फाडतो. पाच-पाच बारांचे गट कागदावर घ्यावेत आणि गट एका बाजूला पडत असेल तर माशी कानशीने घासण्याऐवजी नेमाचा बिंदू बदलावा. बत्तीसचा धक्का सौम्य असतो, म्हणूनच २५ मीटर सेंटर-फायर या स्पर्धाप्रकारात, जेथे तीस बार संथ आणि तीस बार जलद असतात, हे काडतूस जगभर नेमबाजांच्या आवडीचे आहे.

एखादा बार नेहमीपेक्षा फुसका वाजला तर तेथेच थांबावे, हत्यार रिकामे करावे आणि नळीत दांडी घालून ती मोकळी आहे हे पाहावे. चाप ओढूनही बार झाला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबावे, मग उघडावे. परतल्यावर काही खाण्याआधी साबणाने हात धुवावेत, कारण शिसे बोटांवर राहते. जुन्या साठ्यातली काडतुसे वापरू नयेत. त्यांच्या टोपीतल्या मसाल्यातून उरणारे क्षार हवेतले पाणी ओढतात आणि एका रात्रीत नळी गंजवतात. चुकून वापरली गेलीच तर तेल पुरत नाही, कारण तेलात क्षार विरघळत नाहीत. आधी कढत पाण्याने धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि मग तेल लावावे.

निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचा आदेश आला तर ते महिना-दोन महिने ठाण्याच्या खोलीत राहते. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळी, चक्रीची सहाही घरे आणि चांदणीची खालची बाजू नेहमीपेक्षा थोडे जास्त तेल लावून ठेवावी, म्यान घरी ठेवावे आणि हत्यार तेलकट फडक्यात द्यावे. परत मिळाल्यावर पावतीवरचा क्रमांक तेथेच टेबलावर पडताळावा, घरी येऊन नळीतले तेल कोरड्या फडक्याने पूर्ण काढावे, आणि चौथे घर पुन्हा एकदा सावकाश चढवून पाहावे.