बाहेरगावच्या मॅचला रेल्वेनं निघालाय? या चुका टाळा

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार ही आपल्या तालमींची फुटबॉल मॅच बघायला पेठेतनं चालत गेलं तरी भागतं. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा सामना बघायला मुंबईतलं अंधेरी किंवा गोव्यात मडगावचं फातोर्डा गाठायचं आणि खिसाही सांभाळायचा, तर रेल्वेच. पेठेतल्या पोरांबरोबर बऱ्याच वाऱ्या केल्यावर एक पक्कं कळलं: जादा पैसे जाताना नाही, येताना जातात.

मुंबईचंच घ्या. साडेसातचा सामना संपायला सव्वानऊ होतात. कोल्हापूरची रात्रीची गाडी महालक्ष्मी एक्सप्रेस तोवर सीएसएमटीहून सुटलेली असते. हाफटाइमला उठलात तरी अंधेरीहून ती मिळत नाही. जाताना महालक्ष्मीनं गेलो म्हणून येतानाही तिचंच तिकीट काढून ठेवायचं, ही सगळ्यात महागडी चूक. मग रात्री ट्रॅव्हल्सवाला मागेल ते द्यावं लागतं. त्यापेक्षा आदल्या रात्रीच्या महालक्ष्मीनं जा, दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडा आणि परतीला दुसऱ्या दिवशी सकाळची कोयना एक्सप्रेस धरा. एक रजा जास्त जाते, पण मॅच शेवटच्या शिट्टीपर्यंत बघायला मिळते. मुक्कामाची सोय आधी बघा, तिकीट नंतर.

तारखेचाही घोळ होतो. शनिवारी रात्री मॅच आणि गाडी बारा वाजून दहा मिनिटांनी असेल, तर तिकीट रविवारचं लागतं.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. सामन्यांचं वेळापत्रक हाती आलं की त्याच दिवशी तिकीट काढायला बसा. तत्काळवर विसंबू नका. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर परतावा मिळत नाही, आणि सामने पुढं-मागं होतातच. एकदा आम्ही अकराजणांनी आपापल्या मोबाइलवरून तिकिटं काढली. चौघांचं ई-तिकीट वेटिंगमध्येच राहिलं आणि चार्ट लागल्यावर आपोआप रद्द झालं. ते चौघे घरी राहिले, याचं आजही वाईट वाटतं. एका तिकिटावर सहाजण बसतात, तेव्हा सहा-सहाचे गट करा.

गोव्याला मिरजेत गाडी बदलून जनरलनं जाणार असाल, तर कोल्हापूर ते मडगाव सलग एकच तिकीट घ्या. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो, त्यामुळं दोन तुकडे महाग पडतात. मिरजेहून पुढची गोवा एक्सप्रेस सुपरफास्ट आहे. तिकिटात सुपरफास्टचा अधिभार नसेल तर दंड बसतो.

आणि फटाके. जिंकल्यावर लावायला म्हणून एखादी माळ पिशवीत टाकायची सवय आपल्याकडं आहे. भावांनो, गाडीत ती नकोच. रेल्वे कायद्याच्या कलम 164 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि भरल्या डब्यात ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको. झेंडे न्या, हलगी न्या. रात्री दहानंतर मात्र हलगी बर्थखाली ठेवा. डब्यात लहान पोरं झोपलेली असतात.