मॅग्नेटिक लॉक नीट धरत नसेल तर आधी पत्रा बघा

ऑफिसच्या काचेच्या दाराला वर जे चौकोनी लांबट लॉक असतं ना, त्यात खटका वगैरे काहीच नसतं, आत फक्त तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि लोखंडी पट्ट्या, करंट चालू असेपर्यंत ते चुंबक असतं आणि दारावरच्या लोखंडी पत्र्याला धरून ठेवतं. साधारण २८० किलोची ओढ धरून ठेवणारं लॉक १२ व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर घेतं, पण ही ताकद मिळते ती पत्रा पूर्ण चिकटून बसला तरच! मधे कागदाएवढी फट, धूळ, रंग किंवा कोणी आवाज नको म्हणून लावलेली टेप असली की पकड एकदम ढिली होते.

म्हणून पत्र्याचा मधला बोल्ट कधीच गच्च आवळू नका, त्याच्यामागे रबरी वॉशर असतो तो मुद्दाम दिलेला असतो, पत्रा हाताने थोडा हलला पाहिजे म्हणजे दार वाकडंतिकडं असलं तरी तो आपोआप सपाट बसतो. तरीही धरत नसेल तर मल्टीमीटरने लॉकपाशीच व्होल्टेज बघा, लांब बारीक वायरीत ते बरंच कमी होतं.

आणि लाईट गेली की हे लॉक उघडतं, तो बिघाड नाही, आग लागली तर माणसं बाहेर पडावीत म्हणूनच तसं आहे. चोरीची भीती असेल तर बॅटरी बॅकअप जरूर लावा पण बाहेर पडायचं बटण थेट लॉकचा सप्लाय तोडेल असंच जोडून घ्या, फायर अलार्मसुद्धा.