बॅलेची गोष्ट डोळ्यांनी कशी वाचायची: आधी वचन शोधा

बॅलेमध्ये कोणी बोलत नाही, कोणी गात नाही आणि पुढे काय घडणार हे सांगायला सूत्रधारही येत नाही. मी ठाण्यात कथक शिकवते. आमच्याकडे भाव दाखवायचा तर पाठीशी ठुमरी असते, कवित्त असतं. शब्द कानावर पडतात आणि हात-डोळे त्यांचा अर्थ उलगडत जातात. बॅलेत तो आधारच नाही. म्हणून माझ्या विद्यार्थिनी आणि त्यांच्या घरची मंडळी पहिल्यांदा बॅले पाहतात तेव्हा विचारतात, "ताई, नाचतात सुरेख, पण झालं काय?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर अवघड नाही. गोष्ट आधी वाचून घ्या, ती लपवून ठेवण्यात काहीच मजा नाही. मग पाहताना एकाच गोष्टीवर नजर ठेवा: वचन कोण देतो, कुणाला देतो आणि ते कुठे मोडतं. 'जिझेल', 'स्वान लेक' आणि 'ला बायादेर' या तीन मोठ्या बॅलेंची सगळी कथा या एका वचनावर उभी आहे. ती जागा सापडली की बाकीचं आपोआप जुळत जातं.

आधी थोडे हात शिका

बॅलेतल्या मूकाभिनयाचे ठरलेले हात आहेत. आपल्या मुद्रांइतके ते बारीक नाहीत, घरी बसून अर्ध्या तासात शिकता येतात. चेहऱ्याभोवती हात फिरवला की 'सुंदर'. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती गोल फिरवले की 'नाच'. कपाळावर मुकुटाची जागा दाखवली की राजा किंवा राणी. गालावरून बोटं खाली ओघळली की अश्रू. मुठी वळून मनगटं खाली एकमेकांवर आडवी टाकली की 'मृत्यू'. उजव्या हाताने डाव्या हाताची अंगठीची करंगळीशेजारची जागा दाखवली की 'लग्न'. आणि सगळ्यात महत्त्वाचा हात: एक तळवा हृदयावर आणि दुसरा हात वर, त्याची पहिली दोन बोटं सरळ उभी. ही शपथ. हा हात दिसला की पापणी लवू देऊ नका.

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसच्या यूट्यूब वाहिनीवर हा मूकाभिनय समजावणाऱ्या छोट्या चित्रफिती आहेत. मी मुलींना आधी त्या दाखवते, मग आवाज बंद करून परत दाखवते आणि वाक्य मराठीत मोठ्याने म्हणायला लावते. 'तू. मी. लग्न. शपथ.' एवढं म्हणता आलं की पुढची वाट मोकळी.

सुरुवात 'जिझेल'पासूनच करा

बरेच जण 'स्वान लेक'पासून सुरुवात करतात, कारण नाव ऐकलेलं असतं. माझं ऐका, आधी 'जिझेल' पाहा. अंक दोनच आहेत, माणसं कमी आहेत आणि गोष्ट इतकी नेमकी बांधलेली आहे की एकही धागा सुटत नाही.

२८ जून १८४१ रोजी पॅरिसच्या ऑपेरात हा बॅले पहिल्यांदा झाला. कल्पना कवी तेओफिल गोतिए यांची. हाइनरिश हाइने यांच्या लेखनात त्यांनी विलींबद्दल वाचलं होतं: लग्नाआधीच मेलेल्या मुली, ज्या रात्री थडग्यांतून उठून नाचतात आणि वाटेत सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. त्याच सुमारास त्यांच्या मनात व्हिक्तोर ह्युगो यांची एक कविताही होती, नाचाच्या अतोनात वेडापायी जीव गमावलेल्या स्पॅनिश मुलीची. गोतिएंचा पहिला विचार असा होता की पहिला अंक एका झगमगत्या नाचाच्या मेजवानीत घडावा. अनुभवी संहिताकार व्हर्न्वा द सँ-जॉर्ज सोबतीला आले आणि मेजवानीच्या जागी एक खेडं आलं, द्राक्षांचा हंगाम आला आणि एक फसवणूक आली. हा बदल झाला नसता तर नायिका नुसती नाचून मेली असती. आता ती वचनाला मुकून मरते.

गोष्ट अशी. आल्ब्रेख्ट हा सरदार शेतकऱ्याच्या वेषात खेड्यात येतो. तलवार समोरच्या झोपडीत लपवतो. जिझेल त्याच्यावर भाळते. आता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत डोळे उघडे ठेवा. आल्ब्रेख्ट शपथेसाठी हात वर नेतो आणि जिझेलच त्याचा हात धरून खाली आणते. शपथ पुरी होतच नाही. तिच्या जागी ती फुलाच्या पाकळ्या मोजायला बसते: प्रेम आहे, नाही, आहे, नाही. उत्तर 'नाही' येणार हे तिला आधीच दिसतं आणि ती कोमेजते. तो हळूच एक पाकळी तोडून टाकतो आणि हिशेब जुळवून दाखवतो. या एका छोट्या लबाडीत पुढचा सगळा अंक दडलेला आहे. माझ्या मते अख्ख्या बॅलेच्या भांडारात याहून नेटकं कथन नाही.

यानंतर शिकारीला निघालेली उमराव मंडळी येतात. त्यांच्यात बाथिल्ड आहे. तिला जिझेल आवडते, ती आपल्या गळ्यातला हार काढून तिला देते. दोघी एकमेकींना अंगठीचं बोट दाखवतात: माझं लग्न ठरलंय, माझंही ठरलंय. नवरा मात्र दोघींचा एकच आहे, आणि हे प्रेक्षकाला कळतं, त्या दोघींना कळत नाही. ज्याने ते बोट ओळखलं नाही त्याला इथे दोन बायका गोड बोलताना दिसतात, बस्स. पुढे जिझेलवर मनातून प्रेम करणारा रानरक्षक हिलारियाँ तलवार शोधून काढतो आणि शिंग फुंकून सगळ्यांना बोलावतो. बाथिल्ड पुन्हा तेच बोट दाखवते आणि जिझेल हार गळ्यातून ओरबाडून फेकते.

मग तिचं भान हरपतं. या प्रसंगात कान उघडे ठेवा. संगीतकार आदोल्फ आदाँ यांनी पाकळ्या मोजतानाचीच धून इथे पुन्हा आणली आहे, पण तुटक, विसरल्यासारखी. जिझेल नसलेल्या फुलाच्या नसलेल्या पाकळ्या तोडते. काही मांडण्यांत ती दुबळ्या हृदयाने कोसळते. पीटर राइट यांच्या, लंडनचं रॉयल बॅले करतं त्या मांडणीत ती तलवार स्वतःच्या छातीत खुपसते, आणि म्हणूनच तिचं थडगं चर्चच्या आवारात नाही, रानात आहे, असा त्यांचा तर्क आहे. मला तो पटतो.

पहिल्या अंकात जिझेलची आई बर्थ गावाला विलींची गोष्ट सांगते: रात्र, रान, थडगी, पंखांच्या मुली, एक पुरुष, नाच, नाच, मृत्यू. शिकलेल्या हातांची ही पहिली खरी परीक्षा. रशियन परंपरेत हा भाग बराच छाटलेला असतो, म्हणून पहिल्यांदा पाहताना लंडनचं चित्रण निवडा. बर्थची गोष्ट समजली की दुसऱ्या अंकात काही विचारावं लागत नाही. विलींची राणी मिर्था हिलारियाँला मारते, आल्ब्रेख्टलाही नाचवून मारायला निघते आणि जिझेल पहाटेची घंटा होईपर्यंत त्याला सावरत राहते. ज्याने तिला शपथही दिली नव्हती त्याला ती वाचवते.

'स्वान लेक': टाळ्या संपल्यावर पाहा

मॉस्कोच्या बोल्शोईमध्ये १८७७ साली युलियुस राइझिंगर यांच्या नृत्यरचनेत हा पहिल्यांदा झाला आणि फारसा नावाजला गेला नाही. संगीतकार चायकोव्हस्की १८९३ मध्ये वारले. त्यांच्या पश्चात, १८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्कीत मारियुस पेतिपा आणि लेव इव्हानोव्ह यांनी तो नव्याने उभा केला. आज आपण पाहतो तो मुळात हाच. तळ्याकाठचे हंसांचे प्रवेश इव्हानोव्ह यांचे. नाव मात्र पेतिपांचं जास्त घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

राजपुत्र सीगफ्रीड तळ्याकाठी ओडेटला भेटतो. ती हातांनी सांगते: मी हंसांची राणी. हे तळं माझ्या आईच्या अश्रूंचं. एका दुष्टाने मला हंस केलंय. कुणी माझ्यावर प्रेम केलं, माझ्याशी लग्न केलं आणि दुसरीवर कधी प्रेम करणार नाही अशी शपथ घेतली तर मी सुटेन. अख्ख्या बॅलेची अट इथे सांगितली जाते. सोव्हिएत काळातल्या मांडण्यांनी हे हातांचं बोलणं काढून तिथे नुसता नाच घातला. निकोलाय सर्गेयेव्ह क्रांतीनंतर रशियातून बाहेर पडले तेव्हा जुन्या बॅलेंच्या लिखित नोंदी सोबत घेऊन आले, आणि १९३४ मध्ये त्यांनी लंडनमध्ये हा बॅले बसवला. इंग्लंडमध्ये हा संवाद टिकला तो त्यांच्यामुळे.

तिसऱ्या अंकात परदेशी पाहुण्यांचे नाच असतात: स्पॅनिश, हंगेरियन, पोलिश, इटालियन. त्यांत गोष्ट शोधू नका, ती तिथे नाही. निवांत बसून नाच पाहा. मग तोच दुष्ट, जादूगार रॉथबार्ट, आपल्या मुलीला, ओडिलला, घेऊन येतो. ती हुबेहूब ओडेटसारखी दिसते, कारण दोन्ही भूमिका बहुधा एकच नर्तिका करते. १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानी यांनी एका पायावर ३२ गिरक्या घेतल्या. आजही सगळं सभागृह त्या मोजतं आणि टाळ्यांचा कडकडाट करतं. पण गोष्टीची खरी जागा त्यानंतर येते. रॉथबार्ट म्हणतो, शपथ घे. सीगफ्रीड क्षणभर थांबतो, मग दोन बोटं वर जातात. त्याच वेळी खिडकीबाहेर खरी ओडेट तडफडताना दिसते. त्याने कुणाला जाणूनबुजून फसवलेलं नाही, तरी शपथ मोडली आहे. आल्ब्रेख्टच्या नेमकं उलट.

शेवट कोणता आहे हे आधी पाहून ठेवा, नाहीतर दोन चित्रणं पाहून गोंधळ होईल. १८९५ मध्ये ओडेट आणि सीगफ्रीड तळ्यात उडी घेतात आणि मरणापलीकडे एकत्र येतात. मारिन्स्कीची १९५० ची मांडणी कॉन्स्टंटिन सर्गेयेव्ह यांची, हे वेगळे सर्गेयेव्ह. तिच्यात सीगफ्रीड रॉथबार्टचा पंख उपटतो आणि दोघं सुखी होतात. माझा कौल तळ्याच्या बाजूने आहे. मोडलेल्या शपथेची किंमत पंख उपटून चुकती होत नाही.

'ला बायादेर': भारत शोधायला जाऊ नका

हा आपल्याला जवळचा वाटेल असा बॅले, आणि म्हणूनच तो तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. १८७७ मध्येच, सेंट पीटर्सबर्गमध्ये, पेतिपांची नृत्यरचना, लुडविग मिंकुस यांचं संगीत. गोवळकोंड्याचा राजा, त्याची मुलगी गमझत्ती, योद्धा सोलोर, देवळातली नर्तकी निकिया आणि तिच्यावर डोळा असलेला प्रमुख ब्राह्मण. फकीर आगीभोवती उड्या मारतात, नर्तकी पायाच्या अंगठ्यांवर उभ्या राहतात. यात आपलं नृत्य नाही, आपल्या देवदासींचं आयुष्यही नाही. हा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने रंगवलेला पूर्वेचा देश आहे आणि तसाच तो पाहावा लागतो.

या ओढीमागे खऱ्या माणसांच्या भेटीही होत्या. १८३८ मध्ये पुद्दुचेरीच्या बाजूच्या देवदासींचा एक लहान ताफा पॅरिसला नाचून आला. त्यातल्या अमनीवर गोतिएंनी भारावून लिहिलं. पुढे १८५८ मध्ये त्यांनी कालिदासाच्या शाकुंतलावरून पॅरिस ऑपेरासाठी बॅलेची संहिता लिहिली, आणि तिची नृत्यरचना केली ल्युसियँ पेतिपा यांनी, म्हणजे मारियुस यांच्या थोरल्या भावाने. हेच ल्युसियँ १८४१ मध्ये पहिले आल्ब्रेख्ट होते.

वचन इथे पहिल्याच अंकात, पवित्र अग्नीसमोर दिलं जातं. आपल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. अग्नीच्या साक्षीने सोलोर निकियाला शब्द देतो आणि पुढच्याच भागात राजाच्या आज्ञेपुढे, गमझत्तीच्या रूपापुढे गप्प होतो. साखरपुड्याच्या सोहळ्यात निकियाला नाचायला लावतात आणि तिच्या हाती फुलांची परडी देतात. परडीत साप असतो. ब्राह्मण विषावरचा उतारा पुढे करतो. ती सोलोरकडे पाहते, तो पाठ फिरवतो आणि ती बाटली हातातून सोडून देते. पाहताना बाटलीकडे नको, सोलोरकडे बघा. तो कोणत्या क्षणी वळतो यावर त्या नर्तकाची समज कळते.

मग अफूच्या धुंदीत सोलोरला छायांचं राज्य दिसतं. उतारावरून एकेक पांढरी आकृती येते, एक पाय मागे उचलून पुढे झुकते, दोन पावलं टाकते, पुन्हा तेच. हल्ली बहुधा २४ किंवा ३२ नर्तिका असतात, १९०० मध्ये पेतिपांनी ४८ आणल्या होत्या. इथे गोष्ट थांबली असं वाटून घड्याळ पाहू नका. सोलोरची पश्चात्तापाची बुद्धी तेच तेच पुन्हा पाहते आहे, म्हणून नाचही तेच तेच करतो. रुडॉल्फ नुरेयेव्ह यांनी १९९२ मध्ये पॅरिससाठी केलेली मांडणी इथेच संपते. नताल्या माकारोव्हा यांच्या १९८० च्या मांडणीत पुढे लग्न लागतं आणि देऊळ सगळ्यांवर कोसळतं. अग्नीसमोरचा शब्द मोडला, तर देवाने उत्तर द्यायलाच हवं. त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी माकारोव्हांची मांडणी सांगते.

घरात लहान मुलं असतील तर

'नटक्रॅकर' नाताळात सगळीकडे दिसतो, संगीत अप्रतिम आहे, पण दुसऱ्या अंकात गोष्ट जवळजवळ उरतच नाही. मुलांना गोष्ट पाहायला शिकवायची तर 'कोपेलिया' घ्या. पॅरिस, १८७०, नृत्यरचना आर्थर सँ-लेओं यांची, संगीत लेओ दलीब यांचं. मुळात ई. टी. ए. हॉफमन यांची एक काळोखी कथा: यंत्राच्या बाहुलीवर प्रेम जडून वेडा होणारा तरुण. बॅलेत ती हसरी झाली. फ्रांझ खिडकीतल्या बाहुलीवर भुलतो, त्याची ठरलेली बायको स्वानिल्डा रात्री ती बाहुली बनवणाऱ्या म्हाताऱ्या कोपेलियसच्या घरात शिरते आणि बाहुलीचे कपडे घालून त्याला नाचवते. दुसरा अंक जवळजवळ सगळा मूकाभिनयाचा आहे, मुलांना एकही हात समजावून सांगावा लागत नाही. पाहून झाल्यावर त्यांना एवढंच विचारा: आयुष्यभराची मेहनत मोडलेल्या त्या म्हाताऱ्याला शेवटी काय मिळालं? काही मांडण्यांत त्याला पैशांची थैली देऊन वाटेला लावतात, काहींत लग्नाच्या मांडवात सामील करून घेतात. तुम्ही पाहिली ती कोणती, यावर मुलं जेवणाच्या ताटावर भांडतील. भांडू द्या.