किती जणांपैकी किती? रस्त्यावरच्या धोक्याचे आकडे वाचताना या चुका टाळा

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, जमिनीवरचीही माणसं गेली. पुढचे काही आठवडे आमच्या नात्यागोत्यात एकच वाक्य ऐकू येत होतं, "विमान नको बाई, गाडीनेच या." माझ्या मावसभावाने नागपूर-पुण्याची तिकिटं रद्द केली आणि बायको-मुलांना घेऊन तो रात्री गाडीने निघाला. सुमारे सातशे किलोमीटर, रात्रभर, चालवणारा तो एकटाच. सगळे सुखरूप पोचले. मला मात्र त्या रात्री झोप नव्हती. धोका टाळतोय असं समजून त्याने तो वाढवून घेतला होता.

अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कितीतरी लोकांनी विमान सोडून मोटार धरली. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, तेव्हा पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यावर नेहमीपेक्षा सुमारे १,५०० जास्त माणसं गेल्याचा अंदाज निघाला. त्या दिवशीच्या चारही विमानांतले प्रवासी आणि कर्मचारी मिळून होते २४६. रस्त्यावरचे दीड हजार एकेकटे, वेगवेगळ्या गावांत गेले. त्यांची बातमी झाली नाही.

आपल्याकडे असे निर्णय रोज घेतले जातात. त्यामागे जे आकडे असतात, ते वाचताना होणाऱ्या चुका मी घरात आणि बाहेर पुन्हापुन्हा पाहते.

अंश पाहिला, छेद विसरला

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून जरा थांबून पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं मेली. आता राज्यं बघा. तमिळनाडूत ६४,१०५ अपघात, १७,८८४ मृत्यू. केरळात ४३,९१० अपघात, ४,३१७ मृत्यू. उत्तर प्रदेशात ४१,७४६ अपघात, २२,५९५ मृत्यू. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात, १५,२२४ मृत्यू.

सगळ्यात धोकादायक राज्य कोणतं? अपघात मोजले तर तमिळनाडू. मृत्यू मोजले तर उत्तर प्रदेश. आता छेद बदला. दर शंभर अपघातांमागे किती मेले, हे काढलं तर उत्तर प्रदेशात ५४, महाराष्ट्रात ४६, तमिळनाडूत २८ आणि केरळात जेमतेम १०. पण दर लाख लोकसंख्येमागे काढा. तमिळनाडू २३ च्या आसपास जातं, केरळ आणि महाराष्ट्र दोन्ही साधारण १२ वर येतात आणि उत्तर प्रदेश १० च्या घरात उतरतं! तक्ता तोच, आकडे तेच. फक्त खाली काय ठेवलं, त्यावर क्रम उलटापालटा झाला.

यातला कोणता खरा? प्रश्न काय आहे त्यावर ते ठरतं. "शंभर अपघातांमागे मृत्यू" हा आकडा दिसतो भारदस्त, पण मला त्याचा फारसा भरवसा वाटत नाही. मृत्यूची नोंद पोलिसांना करावीच लागते. आरसा फुटला, गुडघा खरचटला, अशा अपघाताची नोंद होतेच असं नाही. जिथे किरकोळ अपघातही कागदावर येतात तिथे छेद फुगतो आणि राज्य सुरक्षित दिसतं. जिथे फक्त मोठे अपघात ठाण्यापर्यंत पोचतात तिथे तेच गणित भयानक दिसतं. म्हणजे अपघात झाला तर उत्तर प्रदेशात मरण्याची शक्यता केरळाच्या पाचपट, असा अर्थ त्यातून काढू नये.

आणि प्रश्न "माझा धोका किती" असा असेल, तर लोकसंख्याही पुरत नाही. त्यात घरात बसलेली आजी आणि पाळण्यातलं बाळसुद्धा मोजलेलं असतं. २०२२ च्या मृतांपैकी ६६.५ टक्के १८ ते ४५ या वयातले होते. रोज तीस किलोमीटर बाइक चालवणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला "लाखात १२" हा दर सांगणं म्हणजे त्याची खोटी समजूत घालणं. त्याच्यासाठी छेद हवा किलोमीटरचा, नाहीतर निदान फेऱ्यांचा.

मुंबईच्या लोकलचंही असंच आहे. २०२३ साली उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसं मेली. प्रवाशांच्या रोजच्या फेऱ्या सत्तर लाखांच्या वर धरल्या, तर साधारण दहा लाख फेऱ्यांमागे एक मृत्यू पडतो. पण यातले जवळपास निम्मे रूळ ओलांडताना गेलेले आहेत, म्हणजे ते त्या क्षणी गाडीत नव्हतेच. पूल चढून जाणारी आणि डब्यात आत सरकून उभी राहणारी बाई, आणि दारात लटकणारा मुलगा, या दोघांना एकच दर लावता येत नाही.

"धोका दुप्पट!"

कशाच्या दुप्पट, हे विचारल्याशिवाय पुढचं वाक्य वाचूच नका. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. माहिती खरी होती. तो धोका सुमारे सात हजारांत एकीवरून सात हजारांत दोघींवर गेला होता. बायकांपर्यंत पोचला तो फक्त "दुप्पट" हा शब्द. अनेकींनी घाबरून गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, हे मला यातलं सगळ्यात जास्त सलतं.

त्यामुळे बातमीत टक्के दिसले की दोन ओळी कागदावर लिहा : आधी दहा हजारांत किती, आता दहा हजारांत किती. यातली एखादी ओळ भरता आली नाही, तर ती बातमी अर्धवट आहे.

हेल्मेटचं उलटं गणित

२०२२ मध्ये दुचाकीवरचे ७४,८९७ जण गेले. अहवालात हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५०,०२९ आहे. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. ही मागे बसलेली माणसं म्हणजे कोणाची तरी आई, बायको, शाळेतून आणलेलं पोर. हा आकडा वाचायला मला धीर होत नाही.

आता यावर चहाच्या टपरीवर होणारा युक्तिवाद ऐका. "म्हणजे उरलेल्या पंचवीस हजारांतल्या बहुतेकांनी हेल्मेट घातलेलं असणार. तरी गेलेच ना? मग उपयोग काय?" बोलणारा मनापासून बोलत असतो, म्हणून त्याला उत्तरही नीट द्यायला हवं.

समजा एका गावात दहा हजार दुचाकीस्वार आहेत. नऊ हजार हेल्मेट घालतात, एक हजार घालत नाहीत. वर्षात हेल्मेटवाले ९ गेले आणि बिनहेल्मेटवाले २. एकूण ११ मृतांपैकी ९ हेल्मेटवाले, म्हणजे ८२ टक्के. टपरीवर निष्कर्ष निघणार, की हेल्मेट घालणारेच मरतात. पण हेल्मेटवाले हजारात एक गेले आणि बिनहेल्मेटवाले हजारात दोन. "मेलेल्यांपैकी किती जणांनी हेल्मेट घातलं होतं" आणि "हेल्मेट घालणाऱ्यांपैकी किती मेले" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याला हवा असतो दुसरा आणि बातमीत छापून येतो पहिला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोक्रेन या, वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात आहे : अपघात झालाच, तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

सीटबेल्टच्या आकड्यांवरही हाच वाद होतो, उत्तरही हेच.

एका वाईट वर्षावरून निष्कर्ष

एखाद्या वळणावर एका वर्षात सात अपघात झाले. गावकऱ्यांनी तिथे पूजा घातली, किंवा पंचायतीने गतिरोधक टाकला, किंवा फक्त पिवळा फलक लावला. पुढच्या वर्षी तीनच अपघात. ज्याने जे केलं त्याला त्याचं श्रेय. पण त्या वळणाची सरासरी चारचीच असेल तर? मग सातचं वर्ष हाच अपवाद होता आणि काहीही केलं नसतं तरी आकडा बहुधा खाली आला असता. उपाय आपण नेहमी वाईट वर्षानंतरच करतो, म्हणून प्रत्येक उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. मंत्रालयाच्या व्याख्येतही ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवताना पाचशे मीटरच्या पट्ट्यातले तीन वर्षांचे अपघात धरतात, ते याचसाठी मोलाचं आहे. तुमच्या गावच्या वळणासाठी निवेदन देताना मागची तीन-चार वर्षं जोडा. ते निवेदन जास्त वजनदार होतं, आणि नंतर फरक पडला की नाही हेही कळतं.

"वीस वर्षं चालवतोय, काही झालं नाही"

संख्याशास्त्रात तीनचा एक सोपा नियम आहे. एखादी गोष्ट क्ष वेळा करून एकदाही दुर्घटना झाली नसेल, तर खरा धोका ३ भागिले क्ष इतका असू शकतो. म्हणजे ९५ टक्के खात्रीने आपण एवढंच म्हणू शकतो, की तो त्याहून जास्त नाही. वीस वर्षं बिनअपघाताची? ३ भागिले २० म्हणजे वर्षाला १५ टक्के. इतका प्रचंड धोका असतानाही कोणी वीस वर्षं सुखरूप राहू शकतो. "काही झालं नाही" म्हणणाऱ्या काकांचा अनुभव खरा आहे, पण त्यातून एवढंच सिद्ध होतं. आणि ज्यांचं वीस वर्षांत काही झालं, त्यांतले कितीतरी सांगायला उरलेले नाहीत.

"इथेच तर जायचंय"

लाखात १२ हा वर्षाचा दर आहे. तोच कायम राहिला, तर पन्नास वर्षांत लाखात सहाशे होतात, म्हणजे साधारण १६६ जणांत एक. इतकं मोठं कुटुंब एखाद्या लग्नातल्या पंगतीत एकत्र बसलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय.

फेऱ्याही अशाच साठत जातात. नागपूरला निघताना हेल्मेट कोणी विसरत नाही. दूध आणायला, भाजीला, मुलाला क्लासला सोडायला जाताना ते खुंटीवरच राहतं. दिवसाला चार किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर बाराशे किलोमीटर होतात. पुण्याहून नागपूरला जाऊन परत अर्ध्याहून जास्त रस्ता कापण्याइतके, उघड्या डोक्याने.