मायलोफायब्रोसिसच्या औषध-चाचणीत नाव घालण्याआधी

मायलोफायब्रोसिस म्हणजे हाडांतल्या मगजात (बोनमॅरोत) तंतू साठत जाण्याचा रक्ताचा आजार. त्याच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी गेलेला रुग्ण परत पाठवला जातो, त्यातली काही कारणं आजाराचीच असतात. त्यांना इलाज नाही. काही मात्र कागदांची आणि तारखांची असतात. ती घरूनच टाळता येतात.

सगळ्यात आधी हे: रुक्सोलिटिनिब, म्हणजे या आजारावरची नेहमीची गोळी, चालू असेल तर चाचणीच्या आशेने स्वतःहून बंद करू नका. ते एकदम थांबवलं की दबलेली लक्षणं उसळून येतात. पानथरी, म्हणजे प्लीहा, पुन्हा वाढते, ताप आणि धाप लागते, क्वचित रक्तदाब धोकादायक खाली जातो. काही चाचण्यांत जुनं औषध सुटून ठरावीक दिवस जावे लागतात, काहींत दोन आठवडे तर काहींत चार. पण डोस उतरवायचा वेग डॉक्टर ठरवतात. उलट, नवं औषध रुक्सोलिटिनिबच्या जोडीला देऊन पाहणाऱ्या चाचण्याही असतात. तिथे आधीचे काही आठवडे डोस न बदलता चालू असणं हीच अट असते, आणि गोळी बंद केलेला माणूस आपल्या हाताने बाहेर पडतो.

चाचणी शोधायची ती सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या भारतातल्या चाचण्यांच्या ऑनलाइन सरकारी नोंदवहीत. ती 2007 पासून आहे आणि नोंदणी 15 जून 2009 पासून सक्तीची आहे. आजाराचं नाव रोमन लिपीत टाका. पॉलिसायथेमिया व्हेरा किंवा इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया या रक्ताच्या आजारांतून पुढे मायलोफायब्रोसिस झाला असेल तर त्या नावांनीही शोधा. नोंद उघडल्यावर तीन रकाने आधी बघा: भारतातली भरती चालू आहे का, केंद्रं कोणत्या गावात आहेत, आणि हा पदव्युत्तर प्रबंधाचा अभ्यास आहे का. शेवटच्या रकान्यात ‘हो’ असेल तर नवं औषध मिळण्याची आशा बहुधा नको. संपर्काचा फोन नोंदीतच असतो. जाण्याआधी फोन करा. नोंदीत ‘चालू’ दिसणारी भरती केंद्रावर संपलेलीही असते.

आता पात्रतेच्या अटी. इथे दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. पहिलं, प्लेटलेट. आपल्या लॅबचा रिपोर्ट ‘1.2 लाख’ म्हणतो आणि चाचणीचा कागद ‘100 × 10⁹ प्रति लिटर’. तो शंभरचा आकडा म्हणजे आपला एक लाख. दुसरं, पानथरी. सोनोग्राफीत लिहिलेले 18 सेंमी ही पानथरीची पूर्ण लांबी असते. चाचणीत ‘5 सेंमी’ मागतात ते डाव्या बरगडीच्या कडेखाली हाताला लागणारं अंतर, किंवा एमआरआय अथवा सीटीवर मोजलेलं 450 घन सेंमी आकारमान. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून ‘बसतो’ किंवा ‘बसत नाही’ ठरवू नका. प्लेटलेट 50 हजारांच्या खाली असतील तर बऱ्याच चाचण्यांची दारं बंद असतात. पॅक्रिटिनिबसारखी औषधं मात्र खास अशाच रुग्णांसाठी तपासली गेली.

फाईलमध्ये काय हवं? बोनमॅरो बायोप्सीचा रिपोर्ट आणि शक्यतो तिचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा. तो जुन्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असतो आणि लेखी अर्जावर मागावा लागतो, म्हणून आठवडाभर आधी हालचाल करा. जेएके2, सीएएलआर, एमपीएल या जनुकांचे रिपोर्ट. हिपॅटायटिस बी, टीबी, एचआयव्हीच्या तपासण्या, कारण रुक्सोलिटिनिबच्या गटातली औषधं दबलेला टीबी आणि हिपॅटायटिस जागे करू शकतात. चालू गोळ्यांची पूर्ण यादी, काढे आणि चूर्णं धरून; बुरशीवरच्या काही गोळ्या रुक्सोलिटिनिबचं रक्तातलं प्रमाण वाढवतात.

आणि चढवलेल्या रक्ताची वही. तारीख, किती पिशव्या, आधीचं हिमोग्लोबिन, कुठलं हॉस्पिटल. मोमेलोटिनिब या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत ‘रक्ताची गरज संपली’ असं म्हणायला सलग 12 आठवडे एकही पिशवी नको होती. गावच्या दवाखान्यात घेतलेली एक पिशवी सांगायची राहिली तर असा हिशेब खोटा पडतो.

स्क्रीनिंगचा, म्हणजे चाचणीत घेण्याआधीच्या तपासणीचा, सगळ्यात नाजूक भाग लक्षणांची डायरी. थकवा, रात्रीचा घाम, खाज, पोटातली अस्वस्थता, डाव्या बरगडीखाली दुखणं, दोन घासांत पोट भरणं, हाडं दुखणं, या प्रत्येकाला 0 ते 10 गुण, रोज. आपल्याकडे घरच्यांपुढे ‘बरं आहे’ म्हणायची सवय असते. डायरीत ती चालत नाही. थकवा 7 असेल तर 7 लिहा. वाढवूनही लिहू नका. मुलाने भरू नये, आणि रविवारी बसून आठवडाभराची तर मुळीच नाही. डायरी यंत्रावर भरायची असेल तर भरल्याची वेळ त्यात नोंदली जाते. ही डायरी किती जड असते बघा: पेलाब्रेसिब हे नवं औषध रुक्सोलिटिनिबच्या जोडीला दिलेल्या मॅनिफेस्ट-2 चाचणीत पानथरी 35 टक्के तरी कमी झालेले रुग्ण 65.9 टक्के होते, एकट्या रुक्सोलिटिनिबवर 35.2. एवढा फरक असूनही लक्षणांच्या गुणांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा, मराठीतलं मागितलं तर संकोच नको, आणि सहीची प्रत घरी न्या. सही करण्याआधी विचारा: नवं औषध न मिळणाऱ्या दुसऱ्या गटाला काय मिळणार, प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) की चालू उपचार? तिकडे नाव लागलं तर पुढे नवं औषध मिळेल का? प्रवासखर्च कोण देणार? चाचणी संपल्यावर औषध चालू राहील का? औषध-चाचण्यांच्या 2019 च्या सरकारी नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत मिळायला हवेत, आणि गंभीर त्रासाची खबर डॉक्टरांनी 24 तासांत द्यायची असते. म्हणून रात्री दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये भरती झालात तरी केंद्राला लगेच फोन करा. असे त्रास का कळवायचे, त्याचं उदाहरण: फेड्राटिनिब या औषधाची चाचणी 2013 मध्ये मेंदूच्या त्रासामुळे थांबवली गेली होती. औषध 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण आता सुरू करण्याआधी रक्तातली थायमिनची (जीवनसत्त्व बी1) पातळी तपासतात.

स्क्रीनिंगमध्ये नापास झालात तर कारण लेखी घ्या. प्लेटलेट एका दिवशी किंचित कमी भरले असं कारण असेल तर पुन्हा तपासायला परवानगी आहे का, ते तिथेच विचारा. आणि जुनी गोळी कधीपासून, किती मिलिग्रॅमने सुरू करायची, हे चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय केंद्राबाहेर पडू नका.