गावातला खून, दोन बायका आणि दुधाची पावती : हलकीफुलकी रहस्यकथा कशी लिहावी

हलक्याफुलक्या रहस्यकथेत खून होतो, पण वाचकाची झोप उडत नाही. रक्ताची वर्णनं नसतात, छळ नसतो. एक लहान गाव असतं, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि तपास करतात त्या पोलिसात नसलेल्या, एकमेकींशी फारसं न पटणाऱ्या दोन बायका. इंग्लंडच्या खेड्यांत रंगणाऱ्या अशा कथा दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बहरल्या आणि अजून आवडीनं वाचल्या जातात. मराठीत रहस्यकथा भरपूर झाली, पण तिचा नायक बहुतेक वेळा शहरातला पुरुष राहिला. आपल्या गावातली बाई गुप्तहेर म्हणून मला फार हवीशी वाटते, कारण गावातल्या निम्म्या गोष्टी फक्त तिलाच माहीत असतात.

लेखभर एकच उदाहरण घेते, म्हणजे प्रत्येक पायरी हातात धरून बघता येईल. गाव काल्पनिक, सातारा जिल्ह्याच्या फलटण बाजूचं. गावात अखंड हरिनाम सप्ताह चालू आहे. पाचव्या दिवशी पहाटे गावातला म्हातारा खासगी सावकार स्वतःच्या विहिरीत मेलेला सापडतो.

१. आधी गुन्हेगार ठरवा आणि त्याची खरी रात्र लिहून काढा

बरेच नवे लेखक प्रेतापासून सुरुवात करतात आणि खुनी कोण हे लिहिता लिहिता शोधतात. मग शेवटी कारण ओढूनताणून आणावं लागतं. आधी एका कागदावर खरं काय घडलं ते तासागणिक लिहा. हा कागद वाचकाला कधीच दिसणार नाही, पण कथेतला प्रत्येक पुरावा यातूनच बाहेर येईल.

कारण निवडताना एक काळजी घ्या. सावकार मेला म्हटलं की कर्जात बुडालेला शेतकरीच खुनी असणार, असं पहिल्यांदा सुचतं. तो खुनी करू नका. आपल्याकडे कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत लिहून द्यावं लागलेल्या माणसाचं दुःख इतकं खरं आहे, की त्याला बेड्या पडताना वाचकाला हसू येणार नाही. ती शोकांतिका होईल आणि तिला वेगळी लेखणी लागते. हलक्या कथेतला खुनी हावरट असावा.

आपल्या उदाहरणात सावकारानं म्हातारपणी तुळशीची माळ घातली आहे. काल्याच्या दिवशी सगळ्यांच्या जमिनी त्यांच्या नावावर परत करून देणार, असं त्यानं मंदिरात जाहीर केलंय. या धंद्यात छुपा पैसा लावलेला एक भागीदार गावातच आहे. त्याचं नाव विलास. सप्ताहात सगळ्यांच्या पुढे, बोलायला गोड. जमिनी परत गेल्या तर त्याचा पैसा बुडतो. संशय अर्थातच कर्जदारांवर जाणार, आणि त्या निरपराध माणसांना सोडवणं हेच आपल्या दोघींचं तपासाला लागण्याचं कारण. हौशी गुप्तहेराला असं कारण हवंच. नुसत्या कुतूहलापोटी कुणी शेजाऱ्याच्या घरात डोकावत राहिलं, तर वाचकाला ती आवडत नाही.

२. दोघी निवडा : स्वभावावरून नव्हे, माहितीवरून

माझ्या मते कथा इथेच तरते किंवा बुडते.

एक बडबडी, दुसरी घुमी. एक भित्री, दुसरी धाडसी. अशा जोड्या चार पानं करमणूक करतात, मग भांडण तेच ते वाटू लागतं. त्यापेक्षा असं विचारा: हिला काय माहीत आहे जे तिला माहीत असणं शक्यच नाही? हिच्यासाठी कोणतं दार उघडतं, जे तिच्यासाठी बंद आहे?

गावात ही दारं ठरलेली असतात. आशा सेविकेला बाळंतिणीच्या खोलीपर्यंत जाता येतं. अंगणवाडी सेविकेला कुठल्या घरातलं मूल अचानक गप्प झालं ते कळतं. निवृत्त मुख्याध्यापिका निम्म्या गावाचं हस्ताक्षर ओळखते. ब्यूटी पार्लरवालीला लग्न मोडल्याची बातमी घरच्यांच्या आधी लागते. बचत गटाच्या अध्यक्षेला कुणाचा हप्ता कधीपासून थकला ते ठाऊक असतं. कोण कुणाच्या ओसरीवर थांबतं आणि कोण माजघरापर्यंत जातं, हे जातीवरही ठरतं. ते लपवू नका. एकीला ओसरीवर थांबवलं गेलं आणि दुसरी आत गेली, तर दोघींना त्याच घरात वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. तपासाच्या कामाचं आहे ते, आणि खरंही आहे.

आपल्या जोडीतली पहिली प्रियंका, वय २८, दूध संकलन केंद्र चालवते. सगळं आकड्यात बोलते, सप्ताहात तिला रस नाही, देवळात गेली तर मोबाइल बघत बसते. दुसरी अनसूयाआत्या, पासष्टीची, माळकरी, शाळा पाहिलेली नाही, पण आयुष्य गुरांत आणि वारीत गेलेलं. आत्याच्या मते प्रियंकाला मोठ्यांचा मान नाही. प्रियंकाच्या मते आत्या तिच्या केंद्रावर फक्त चौकशा करायला येते. दोघींचंही बरोबर आहे.

आता नियम असा, की निदान एक महत्त्वाचा पुरावा दोघींशिवाय उलगडता कामा नये. एकीला सगळंच कळत असेल, तर दुसरी फक्त ऐकायला उरते.

३. गावाचं वेळापत्रक मांडा

गावात घड्याळाकडे कुणी बघत नाही असं शहरातल्यांना वाटतं. खरं तर गाव वेळेनं बांधलेलं असतं. सकाळ-संध्याकाळ दुधाची वेळ, एसटीची वेळ, शेतीपंपाला थ्री-फेज वीज येण्याची पाळी, शाळेची घंटा. सप्ताह असेल तर आणखीच: पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर. सातही दिवस वीणा खाली ठेवायची नाही, म्हणून रात्रंदिवस पहाऱ्याच्या पाळ्या लावतात आणि नावांची यादी मंदिरात टांगलेली असते. खुनाच्या रात्री कोण कुठं होतं हे सांगणारा असा तयार कागद शहरातल्या लेखकाला मिळणार नाही.

विलासचं नाव यादीत रात्री २ ते ४ या पाळीला आहे. त्याचं म्हणणं: चारपर्यंत वीणा घेऊन उभा होतो, मग घरी आलो, बायको माहेरी गेलीय म्हणून साडेपाचला गाईची धार मीच काढली, दूध चुलतभावाच्या हाती केंद्रावर पाठवलं. यादी आहे, दुधाची पावती आहे. फौजदाराचं समाधान होतं.

४. पुरावा उघड्यावर ठेवा

१९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूनं रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला आजही पाळण्याजोगा नियम म्हणजे गुप्तहेराला सापडलेला पुरावा वाचकापुढेही आला पाहिजे. शेवटच्या पानावर अचानक चिठ्ठी सापडली, तर वाचक फसवला गेला असं मी समजते.

पण समोर ठेवलेला पुरावा वाचकानं ओलांडून पुढे जावं, हीही लेखकाचीच जबाबदारी. त्यासाठी पुरावा गमतीच्या किंवा भांडणाच्या प्रसंगात ठेवा. वाचक हसत असतो तेव्हा मोजत नसतो.

खुनाच्या दिवशी सकाळी केंद्रावर विलासच्या दुधावरून कटकट होते. त्याच्या घरी एकच गाय. रोज सकाळी नऊ लिटर दूध, फॅट ३.९. त्या दिवशी साडेसहा लिटर आणि फॅट ३.२. दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ठरलेला असल्यानं पैसे कापले जातात. मशीनमध्ये खोट आहे म्हणून दूध घेऊन आलेला विलासचा चुलतभाऊ ओरडतो, मागच्या रांगेतले त्याची बाजू घेतात, प्रियंका कुणालाच दाद देत नाही. वाचकाला वाटतं, हा प्रसंग प्रियंकाचा स्वभाव दाखवायला आहे.

त्यानंतर बऱ्याच पानांनी, वेगळ्याच बोलण्यात:

“आत्या, संध्याकाळी विलासनं धार काढली, तर त्याच गाईनं साडेदहा लिटर दिलं. मग सकाळचं कमी का?”

“सकाळी पान्हा चोरला आसंल तिनं. वळखीचा हात नसला की चोरतीच.”

“आणि फॅट?”

“ते तुझं तुला ठावं. पर शेवटची धार दाट असती, पोरी. तीच आत ऱ्हायली तर दूध पातळच की.”

यातलं शास्त्र खरं आहे. धारेच्या सुरुवातीच्या दुधात स्निग्धांश कमी असतो आणि शेवटच्या धारांत सर्वांत जास्त. आकडा प्रियंकाकडे होता, गाय आत्याला माहीत होती. दोन्ही एकत्र आल्यावर कळतं, की त्या पहाटे धार काढणारा हात विलासचा नव्हता. तुम्ही दुसरा विषय घ्याल, तेव्हा त्या व्यवसायातलं असंच एखादं बारीक सत्य शोधा, आणि ते काम करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

दुसरा पुरावा पहाऱ्याचा. वीणा देताघेताना एकमेकांच्या पाया पडण्याची रीत आहे. थंडीत सगळे डोक्यावरून शाल घेतलेले, चेहरा कुणाचा दिसत नाही. पण आत्याची पाळी चारची. वाकल्यावर तिला समोरच्याच्या पायाच्या अंगठ्याला नख नसलेलं दिसलं होतं. ते चुलतभावाचं, बैलाचा पाय पडून गेलेलं. विलासनं त्याला सांगितलं होतं, की मी तालुक्याला जातोय, तेवढं सांभाळ. हा अंगठाही आधी कुठंतरी, जखमेच्या गप्पांत, येऊन गेलेला हवा.

५. पोलीस खरे ठेवा

पोलीस मूर्ख दाखवणं सोपं असतं. मला ते आवडत नाही, आणि गरजही नाही. त्यांना दुधाची पावती बघायचं सुचणार नाही, एवढं पुरे.

प्रेत सापडल्यावर पोलीस पाटील ठाण्याला कळवतो. हे पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमातलं, आणि त्यावर आज बायकाही आहेत. पोलीस आधी अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचांसमक्ष पंचनामा होतो, देह शवविच्छेदनाला जातो. १ जुलै २०२४ नंतरची कथा असेल तर हा पंचनामा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. त्याआधीची असेल तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली. खुनाचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं १०३. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘तीनशे दोन’च राहू द्या, जीभ इतक्या लवकर बदलत नाही.

आणखी एक. शेवटी खुन्यानं फौजदारापुढे सगळं कबूल केलं आणि प्रकरण संपलं, असं लिहू नका. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. कबुलीबरोबर काहीतरी ठोस सापडू द्या: सावकाराच्या घरातून नाहीसे झालेले कागद विलासच्या कडब्याच्या गंजीत, आणि ते पंचांसमक्ष पोलिसांनीच बाहेर काढलेले. दोघींनी ते आधीच उचलून आणले, तर पुरावा त्यांनीच बिघडवला असं होईल.

६. विनोद कुठे करायचा

मेलेल्या माणसावर करायचा नाही, त्याच्या घरच्या रडण्यावर नाही, गावंढळपणावर तर मुळीच नाही. गावाकडची भाषा हा विनोद नसतो. ती बोलणारी माणसं विनोदी बोलतात, हे निराळं, आणि ती बुद्धीनं बोलतात हे वाचकाला दिसलं पाहिजे. दोघींच्या एकत्र असण्यातून हसू येऊ द्या: पाळत ठेवायला प्रियंकाच्या स्कूटीवर मागे बसलेली आत्या वाटेत भेटेल त्याला रामकृष्णहरी करते, त्यामुळे दोघी कुठं चालल्यात ते अख्ख्या गावाला कळतं. सावकाराच्या सुनेचं दुःख मात्र एका प्रसंगात सरळ, न हसता लिहा. तो प्रसंग नसेल तर बाकीचं हसणं निर्दयी वाटतं.

७. तपासून बघा

कथा उलगड्याच्या आधीच्या पानापर्यंत दोघांतिघांना वाचायला द्या आणि खुनी कोण, कशावरून, असं लिहून घ्या. सगळ्यांनी विलास लिहिला तर त्याला पहिल्या निम्म्या भागात कमी गोड करा. अति गोड माणसावर मराठी वाचक लगेच संशय घेतो. कुणीच लिहिला नाही, आणि उलगडा वाचल्यावर मागे जाऊन दुधाचा प्रसंग पुन्हा काढला, तर त्याला हात लावू नका. आणि ‘ही पावती कुठं आली होती?’ असा प्रश्न आला, तर केंद्रावरचं भांडण चार ओळींनी वाढवा.